तपकिरी खरखर

१

सकाळी कामावर आल्यावर खर्रू चहाच्या आधी खरखर ऐकायची. तिच्या वर्कशॉपात इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनायची आणि दुरुस्त व्हायची. कुठल्या स्पीकरचा आवाज बसलाय, कुठली तार सैल झालीय, हे तिला दहा मिनिटं डोळे मिटून खरखर ऐकली की कळायचं. बाकीच्यांना तो नुसता गोंगाट, स्टेशन न लागलेल्या रेडिओचा असतो तसला. हिला त्यात रंग कळायचे. आणि कोणी चुकून विचारलंच, तर बाई समजावून सांगायला एका पायावर तयार.

"पांढरी म्हणजे सगळ्या पट्ट्यांना सारखा वाटा," ती सांगायची. "उंच पट्ट्या असतात ढिगाने, म्हणून पांढरी कानाला टोचते. गुलाबीत प्रत्येक सप्तकाला सारखा वाटा, म्हणून ती कानाला बरोबर वाटते. निळी वर वर चढणारी, नुसती सी-सी. आणि तपकिरी खर्जातली. भिंतीपलीकडून मोठं पाणी चाललंय असं वाटतं ना, ती." एवढं होईपर्यंत समोरच्याचा चहा निवलेला असायचा.

खर्रू हे नाव तिच्या ताईने ठेवलं होतं. लोकांच्या बहिणी सूर लावतात, आमची खरखर लावते, असं ती चारचौघांत सांगायची आणि स्वतःच आधी हसायची. नाव असं चिकटलं की भावोजीसुद्धा, म्हणजे ताईचा नवरा, तिला खर्रूच म्हणायचे.

ती ताई बाळंतपणात गेली. मागे राहिली दोन तळहातांत मावेल एवढी मुलगी. तिचं नाव ठेवायचं कोणाला सुचलंच नाही. सगळे छकुली म्हणायचे, आणि सगळे म्हणजे तरी कोण, भावोजी आणि खर्रू.

छकुली रडायची. लहान मुलं रडतातच, पण ही रडायला लागली की थांबायचं नावच घ्यायची नाही. दूध अर्धं प्यायची, अर्धं ओकायची, आणि पुन्हा तेच. भावोजींच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लावलेली. आठव्या दिवशी खर्रू दारात उभी राहिली तर ते म्हणाले, "मला हिला गप्प करता येत नाहीये गं. तिला आलं असतं." एवढं बोलून ते स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ सुरू ठेवून उभे राहिले.

खर्रूला दुसरं काय येत होतं? तिने मोबाइलवर पांढरी खरखर लावून पाहिली. छकुलीने घर डोक्यावर घेतलं. गुलाबी लावली, तर दहा मिनिटं गप्प राहिली आणि मग पुन्हा रडायला लागली. तपकिरी मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरातून नीट येईना, खर्जाला मोठा स्पीकर लागतो. तेव्हा तिने त्याच संध्याकाळी वर्कशॉपात बसून पेटी केली. चपलांच्या खोक्याएवढी, पुढे एक स्पीकर, आत खरखर तयार करणारं सर्किट. त्यात रेकॉर्डिंग नाही, माइक नाही. ट्रान्झिस्टर उलटा जोडला की तो आपला आपण खरखरतो, क्षणोक्षणी नवीन. हात काम करत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते ती बाहीने पुसत होती.

नवव्या दिवशी, मंगळवारी, तिने पेटी पाळण्याशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि सुरू केली. छकुली हुंदक्याच्या मध्यावर थांबली. तिने मूठ तोंडाशी नेली, गुडघे पोटाशी घेतले आणि झोपली. भावोजी आणि खर्रू पाच मिनिटं हलले नाहीत.

२

त्या घराला जरा जीव आला. भावोजींनी दाढी केली. कपड्यांच्या घड्या झाल्या. कामावरून सुटल्यावर खर्रू रोज चारच्या सुमाराला जायची आणि दोघं हळू आवाजात बोलत बसायची. आतल्या खोलीत पेटी चालू असायची, दिवसरात्र. ती खोली तशी साधीच. एक पलंग, एक पाळणा, स्टूल, ताईची डुलणारी आरामखुर्ची आणि दुपारचं ऊन निळा पडदा लावून थोपवलेली खिडकी.

गुरुवारी नर्सबाई आल्या. सरकारी दवाखान्याकडून नव्या बाळांना बघायला दर आठवड्याला यायच्या. जाड्या, हसऱ्या आणि घाईत असलेल्या. त्यांनी पिशवीतून वजनकाटा काढला, छकुलीला त्याच्या झोळीत घातलं आणि म्हणाल्या, "झोप मस्तच लागलेली दिसतेय. वजन मात्र आहे तेवढंच. उठवून पाजा हां. पोर झोपतंय म्हणून आईबाप खूश, असं नको."

आईबाप म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. त्या काटा पुसत राहिल्या.

उठवायचं म्हणजे काम होतं. तळपायाला टिचक्या मारा, गाल ओल्या फडक्याने पुसा, छकुली डोळे उघडायची नाही. चमचा ओठांना लावला तर एखादा घोट जायचा, बाकीचं दूध हनुवटीवरून खाली. चेहरा मात्र समाधानी. भूक लागलेल्या पोराचा असा चेहरा खर्रूने कधी पाहिला नव्हता.

त्याच दुपारी तिला ते पहिल्यांदा ऐकू आलं. भावोजी दूध आणायला गेले होते. ती आरामखुर्चीत बसली होती, डोळे मिटून, सवयीने रंग ऐकत. खरखर थोडी जड झाली आणि परत जागेवर आली. मग पुन्हा जड झाली, पुन्हा परत आली. खर्रूने डोळे उघडले आणि घड्याळ बघून मोजलं. एकदा चार सेकंद, एकदा साडेचार, मग पावणेचार, मग पुन्हा चार.

आता खरखरीला ताल नसतो. ताल असला तर ती खरखर कसली? आणि यंत्रात कुठे बिघाड असता तर तो काट्यासारखा नेमका आला असता, दर वेळी तेवढाच. हे मधलंच काहीतरी होतं. कोणीतरी अंदाजाने करत असावं तसं.

खर्रू शिकलेली बाई होती. माणसाचा कान फसवा असतो, गोंधळात तो आपलं माणूस शोधतो, हे ती स्वतःच दुसऱ्यांना सांगायची. त्यात तिची झोप झालेली नव्हती. तिने स्वतःला चार शब्द सुनावले आणि चहा टाकला. तरी पाण्याला उकळी येईपर्यंत तिचा पाय जमिनीवर त्याच चालीने हलत होता.

३

सोमवारी वर्कशॉपात सुटे भाग ठेवायच्या डबीत तिला तो रेझिस्टर सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा, पिवळसर, दोन्ही बाजूंना तारा. तो डबीत असायलाच नको होता. तो पेटीत हवा होता.

 ती शेजारच्या टेबलाशी गेली. तिथे सोल्डरकाका बसायचे. चाळीस वर्षं सोल्डर करून, तारांना डाख देऊन, त्यांची बोटं काळी पडली होती आणि जिभेला धार आली होती.

"काका, तपकिरीच्या सर्किटात गळती घालायची राहिली तर काय होतं?"

सोल्डरकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तू विचारतेस? पोरांना शिकवतेस ना?"

"तुम्ही सांगा हो."

"बरं बाई, ऐक. पांढरीला मागचं काही आठवत नाही. आत्ताचा धक्का आत्ता, पुढचा पुढे. तपकिरी तशी नाही. ती प्रत्येक धक्का जमवत जाते, मागे जिथे होती तिथूनच पुढचं पाऊल टाकते. म्हणजे ती काही विसरत नाही. आता काहीच न विसरता किती जमवशील? भरकटते, एका टोकाला जाऊन आदळते आणि तिथेच अडकते. स्पीकरच्या तोंडावरचा कागद पुढे येऊन थांबतो, आवाज बंद. म्हणून गळतीचा रेझिस्टर लावायचा. थोडं थोडं विसरायला लावतो, की ती मधोमध राहते."

"किती वेळात अडकते?"

"तुझं ते छोटं सर्किट? अर्धं मिनिट. फार तर एक मिनिट."

"माझी पेटी सहा दिवस चालू आहे."

काका हसले. "मग आत कोणीतरी बसलं असेल, सारखं मधे ओढून आणायला. त्याला पगार देतेस का?"

खर्रू हसली नाही. तिने टेबलावर दुसरं सर्किट जोडलं, पेटीतलं होतं अगदी तसंच, गळतीशिवाय. सुरू केलं. खरखर खोल घुमली, स्पीकरचा कागद हळूहळू पुढे आला आणि बाविसाव्या सेकंदाला सगळं गप्प झालं. तिने पुन्हा केलं, तर अठ्ठावीस सेकंद. तिसऱ्यांदा एकोणीस. तोवर काकांचंही हसू गेलं होतं. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "घरी जा तू. तुझं चित्त नाही थाऱ्यावर. पेटीत रेझिस्टर असेलच, बघ. दोन घेतले असशील."

तिलाही तेच हवं होतं. दोन घेतले असतील, दुसरं काय.

४

भावोजी बाहेर भांडी घासत होते. खर्रूने आतल्या खोलीचं दार लोटलं आणि पेटीचं मागचं झाकण उघडलं. रेझिस्टरच्या जागी दोन रिकामी भोकं होती. त्यांना सोल्डरचा थेंबही लागलेला नव्हता.

तिने मीटरच्या दोन तारा सर्किटला लावल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसली. मीटरचा काटा मध्यावरून उजवीकडे सरकायला लागला. थरथरत, भरकटत, जसा सरकायला हवा तसाच. टोकाजवळ गेला. आता आदळेल, आता सगळं गप्प होईल, असं वाटतंय तोवर तो थबकला. मग मागे आला. झटक्याने आला असता तर खर्रूने एखादा सांधा सैल असेल म्हणून सोडून दिलं असतं. तो सावकाश आला, आणि मध्यावर पोचल्यावर कोणी हात काढून घ्यावा तसा मोकळा सुटला. पुन्हा भरकटला, पुन्हा टोकाशी गेला आणि पुन्हा तसाच आणला गेला.

खर्रूने पाळण्याकडे पाहिलं. काटा पुढे जाताना छकुलीची छाती वर येत होती. काटा मागे येताना खाली जात होती.

 पण खरं सांगायचं तर भीती सगळ्यात आधी नाही आली. आधी आली माया. ती ओळखीची चाल होती. लहानपणी खर्रूला ताप आला की ताई तिला मांडीवर आडवी घेऊन अशीच झुलवायची, मनात काही न मोजता, कधी लांब, कधी आखूड. खर्रू त्या जमिनीवर बसून तोंडावर हात दाबून रडली. किती वेळ रडली तिलाच माहीत नाही.

मग तिने डोळे पुसले आणि जे करायला हवं होतं ते केलं. पेटीचं बटण बंद केलं.

खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. बाहेर भांड्यांचा आवाज. छकुलीची छाती खाली गेली होती. ती वर आली नाही. खर्रूने मनात मोजलं. तीन, चार, पाच. छकुलीचा चेहरा तसाच समाधानी होता. आठ. नऊ. ओठांची कड निळसर दिसायला लागली, की तो पडद्याचा रंग होता? अकराला खर्रूच्या बोटाने बटण दाबलं. तिने दाबायचं ठरवलं नव्हतं. खरखर आली आणि छाती वर आली.

तिने जाताना भावोजींना फक्त एवढंच सांगितलं, "पेटी बंद करू नका हं."

"मी कशाला बंद करू?" ते म्हणाले. त्यांनी हे जरा घाईनेच म्हटलं.

५

पुढच्या गुरुवारी नर्सबाईंचं हसू काटा बघताच मावळलं.

"दीडशे ग्रॅम उतरलंय. अहो, आता चढायला हवं." त्यांनी छकुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. "पाजताय ना?"

"दर दोन तासांनी," भावोजी म्हणाले. "घेतच नाही."

"श्वास थांबतो का हो लहान बाळांचा, मधेच?" खर्रूने विचारलं.

"थांबतो थोडा. सात-आठ सेकंद. घाबरायचं नसतं." नर्सबाईंनी लगेच डॉक्टरांना फोन लावला, बोलल्या आणि सांगितलं, "उद्या सकाळी दहा वाजता भरती करायचं. नळीने दूध देतील. आणि ती पेटीबिटी तिथे चालायची नाही, आधीच सांगते."

त्या गेल्या. खर्रूने शेवटी सगळं सांगितलं. रेझिस्टर, मीटर, बटण, अकरा सेकंद. सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. भावोजी तिला वेड्यात काढतील अशी तिची खात्री होती.

भावोजींनी मान खाली घातली. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"ती आहे ते. ती याच खुर्चीत बसायची, सातव्या महिन्यापासून. पोटावर हात ठेवून डुलायची. मी झोपेत असलो तरी मला त्या खुर्चीचं डुलणं कळायचं. खर्रू, मी दहा दिवस पेटीशेजारी झोपलोय. मला कधीच एवढी शांत झोप लागली नव्हती."

"आणि छकुली वाळत चाललीय, ते?"

"ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये. मी उद्या सकाळी गळती बसवणार. पेटी चालूच राहील, श्वास थांबायची भीती नाही. फक्त ती साध्या खरखरीसारखी होईल. विसरायला लागेल."

भावोजी उठून खिडकीशी गेले. त्यांचे खांदे हलत होते. "एवढंच उरलंय गं माझ्याकडे."

"छकुली पण उरलीय, भावोजी."

ते वळले. रागावतील असं तिला वाटलं, पण ते येऊन तिच्याशेजारी पलंगाच्या कडेवर बसले. "ती असं का करतेय? तिचा केवढा जीव होता पोरीवर. उपाशी कशी ठेवेल ती?"

 खर्रूने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. भावोजी आपणहून बोलायला लागले. त्या दिवसाबद्दल ते आजवर एक अक्षर बोलले नव्हते.

"गुंगी दिली होती तिला. मी बाजूलाच होतो. अर्धवट झोपेत तिने दोनदा विचारलं, झालं का? मी म्हटलं, नाही अजून, तू पडून राहा. मग मला बाहेर काढलं. आतून रडणं ऐकू आलं, मी म्हटलं, झालं. पण ती त्यानंतर शुद्धीवर आलीच नाही, खर्रू. मी तिला शेवटचं काय सांगितलं, तर नाही अजून."

खर्रूने पाळण्याकडे पाहिलं. छकुली गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, हनुवटी छातीला टेकलेली, पाठ गोल, तोंड पेटीकडे. तशी ती दहा दिवस पडून होती. आत्ता कुठे खर्रूच्या ध्यानात आलं की हे असं झोपणं तिने कुठल्या फोटोत पाहिलंय. ताईने हौसेने पाठवलेला, पोटातल्या बाळाचा, काळापांढरा.

पोटातल्या बाळाला भूक लागत नाही. त्याला वेगळा श्वास घ्यावा लागत नाही. आणि त्याला दिवसरात्र जे ऐकू येतं, आईच्या रक्ताचं घुमणं, ते तपकिरी असतं.

 

६

शुक्रवारी सकाळी सात वाजता ती सोल्डरचं सामान घेऊन आली. पडदा उघडा होता, सकाळचा उजेड पाळण्याच्या पायाशी आला होता. भावोजींनी छकुलीचं सामान पिशवीत भरून ठेवलं होतं, आणि ते दुधाची बाटली हातात धरून दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आत यायचा धीर त्यांना होत नव्हता.

सोल्डरचं आयर्न तापेपर्यंत तिने झाकण काढलं. रेझिस्टरच्या तारा वाकवून दोन भोकांत घातल्या. आता दोन थेंब सोल्डर, एवढंच काम. हजार वेळा केलेलं. तिचा हात पुढे गेला आणि थांबला.

असं पाठीमागून, न सांगता, गळती लावून टाकायची? म्हणजे ताईला काही कळणारही नाही. थोडं थोडं विसरत जाईल, की ती काय सांभाळत होती.

खर्रूने तारा पुन्हा बाहेर ओढल्या आणि आयर्न बाजूला ठेवलं. ती पेटीच्या पुढे येऊन बसली आणि तिने स्पीकरच्या कागदावर तळवा ठेवला. कागद कोमट होता. तो हळूहळू पुढे आला, तिच्या हाताखाली भरत, फुगत, आणि मागे गेला. पुन्हा पुढे आला. आणि त्या वेळी आतून, कागदाच्या पलीकडून, तिच्या तळव्याला काहीतरी लागलं. एवढंसं. टाचेएवढं. ते लागलं आणि सरकत गेलं.

त्याच क्षणी पाळण्यात छकुलीचा पाय हलला.

खर्रूने हात काढला नाही. काढावासा फार वाटत होता.

"ताई," ती म्हणाली.  "ताई, मी खर्रू. ऐक ना. झालं."

कागद पुढे येता येता थबकला.

"झालं सगळं. तू छान केलंस. मुलगी झालीय. तुला कोणी सांगितलंच नाही ना. आम्हाला सुचलं नाही गं, आम्ही आपल्याच रडण्यात होतो. ती आत नाहीये आता, बाहेर आलीय. अठरा दिवसांची आहे. नाक भावोजींचं आहे, काय करणार. कपाळ तुझं आहे." खर्रूने एकदा पाळण्याकडे पाहिलं. "तिला भूक लागायला हवी, ताई. तू तिला झुलवतेस, ती उठतच नाही. तिला आता रडू दे. ती तुझ्यात नाहीये. ती इथे आहे, आमच्याकडे. आम्ही बघतो तिला."

खरखर चालू होती, पण कागद मागे जात नव्हता. तो तिच्या तळव्यावर दाबत पुढे येत राहिला, एवढा की कडा ताणल्या. खर्रूने हात थोडा मागे घेतला, तरी तो येतच राहिला. मग खरखर थांबली.

छकुलीची छाती खाली गेलेली होती.

एक, दोन, तीन. भावोजी दारातून पुढे आले. पाच, सहा. खर्रूने बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. दाबून काही होणार नव्हतं, पेटी चालूच होती. नऊ, दहा. भावोजींनी छकुलीला उचललं. तिची मान त्यांच्या हातावर सैल पडली. बारा. "खर्रू," ते म्हणाले, "खर्रू, ही..." चौदा. खर्रूला वाटलं आपण पोरगी देऊन बसलो. आपण सांगितलं, आणि ताई तिला बरोबर घेऊन गेली. सोळा.

छकुलीने सगळं अंग ताणलं, गुडघे, पाठ, बोटं, दहा दिवसांत पहिल्यांदा. तिने श्वास घेतला तो खोलीभर ऐकू आला. आणि मग तिने असा टाहो फोडला की भावोजींच्या हातातून बाटली पडता पडता राहिली.

त्यांनी बाटली तिच्या तोंडाला लावली. छकुलीने ती पकडली आणि ओढून ओढून प्यायला लागली, घशातून आवाज करत. डोळे टक्क उघडे होते. काळेभोर. त्या दोघांनी ते आजवर नीट पाहिलेही नव्हते.

"पितेय," भावोजी म्हणाले. "खर्रू, पितेय ही." ते रडत होते आणि हसत होते आणि त्यांना ते पुसायला हात मोकळा नव्हता. खर्रूने आपल्या ओढणीने त्यांचं तोंड पुसलं.

बाटली अर्धी झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तिने ऐकलं का गं?"

"ऐकलं."

"काय केलं तिने?"

खर्रूने पेटीकडे पाहिलं. स्पीकरचा कागद पुढे येऊन तिथेच थांबला होता. गळती न लावलेल्या सर्किटात तो तसाच थांबतो, बाविसाव्या सेकंदाला, अठ्ठाविसाव्या सेकंदाला, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने स्वतः तीन वेळा पाहिलं होतं.

"पुढे झाली," ती म्हणाली. "बघायला."

 भावोजी खुर्चीत बसले, आणि बाटली तोंडातून न काढता त्यांनी छकुलीचा चेहरा पेटीच्या बाजूला वळवला. दूध संपेपर्यंत त्यांनी तिला तशीच धरून ठेवली.